येळवशीला यंदा कोणाला बोलावताय?

मांजराकाठ

राम राम मंडळी. येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, आली. यंदा १९ डिसेंबर २०२५, शुक्रवार.

इथं जालना-परभणीकडचेही बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागात झाडून सगळे शेतात जातात. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच गोटे, म्हणजे पाच पांडव, मांडायचे, लक्ष्मीची पूजा करायची. आंबिलाचं बिंदगं, म्हणजे घडा, घरून डोक्यावर येतं. कोवळे दाणे आणि पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबट भात. त्या दिवशी दुपारी गंजगोलाईत उभं राहिलात तर सोळाही रस्त्यांवर कुलपं दिसतील.

आमच्याकडं एक रीत आहे, कुठं लिहून ठेवलेली नाही पण सगळे पाळतात. ज्याला शेत नाही त्यालाही त्या दिवशी शेत असतं. शिंपी, सोनार, बँकेतले साहेब, शाळेतले गुरुजी, सगळ्यांना कुठून ना कुठून निरोप येतो. काही जणांना चार ठिकाणची बोलावणी असतात आणि प्रत्येक कोपीवर दोन-दोन घास खाऊन पुढं जावं लागतं, नाहीतर रुसवा.

मला बोलायचंय ते निरोप न येणाऱ्यांबद्दल. शहर वाढलं तशी ही माणसंही वाढली. ट्यूशन एरियात खोली करून राहणारी अकरावी-बारावीची लेकरं. दुसऱ्या जिल्ह्यांतून, दुसऱ्या राज्यांतून आलेल्या नर्स. बांधकामावरचे मजूर. शेत बटईनं दिलेले आणि लेकरं पुण्याला गेलेले म्हातारा-म्हातारी. यंदा त्यात अजून एकाची भर पडलीय. सप्टेंबरच्या पुरात ज्यांची माती खरडून गेली, त्यांनी कोप कुठं करायची? खाली नुसता मुरूम आणि गोटे उरलेत.

या लोकांना आपण टाळतो असं नाही. आपण त्यांना "या की एकदा शेताला" असं म्हणतो आणि तिथंच सोडतो. "या की" म्हटल्यावर कुणी येत नसतं. शुक्रवारी सकाळी नऊला न्यायला येतो, संध्याकाळी हेंडगा, म्हणजे पलिता, पेटवून झाला की आणून सोडतो, असं म्हटलं तरच माणूस येतो. आपली आठवण कुणीतरी वेळ-वार धरून केली हे त्याला कळलं पाहिजे.

तर तुम्ही कोणाला बोलावताय, कसं बोलावताय ते इथं लिहा. ज्यांना कुठंच जायचं नाही त्यांनीही लिहा. संकोच करू नका.

बालाघाटी

चांगला धागा काढलात. आमच्या शेजारी नवीन तलाठी आलेत, भंडाऱ्याकडचे. घरात तिघं. आजच सांगून येतो, वेळेसकट.

करडई

मी किनवटची आहे. नीटसाठी लातूरला आले, आता रिपीटर.

अकरावीत असताना मला येळवस काय असते तेच माहीत नव्हतं. आदल्या रात्री मेसच्या काकू म्हणाल्या, उद्या मेस बंद, आम्ही शेताला जायलोत. सकाळी खिडकीतून बघितलं तर रस्त्यानं नुसत्या टोपल्या, पातेली आणि गाड्यांवर दाटीवाटीनं बसलेली घरंच्या घरं. अकरा वाजता गल्लीत एक माणूस नाही. आम्ही रूममधल्या तिघी दिवसभर बिस्किटांवर होतो. भुकेचं काही वाटलं नाही. सगळं गाव कुठंतरी गेलंय आणि आपल्याला कुठं गेलंय तेसुद्धा माहीत नाही, याचंच फार वाईट वाटलं. त्या दिवशी मी घरी फोनसुद्धा केला नाही, आवाजावरून आईला कळलं असतं.

मागच्या वर्षी औशाची एक मैत्रीण तिच्या शेतावर घेऊन गेली. तिथल्या आजींनी मला एकदाही विचारलं नाही की टेस्टला किती मार्क पडतात. माझ्यापुढं हरभऱ्याच्या डहाळ्यांची पेंढी टाकली आणि म्हणाल्या, "सोल बाई, हात मोकळा ठेवून काय बसलीस." घाटे सोलताना बोटांना हरभऱ्याची आंब लागते, नखांपाशी चुरचुरतं. मी बोट चाटून बघितलं, आंबट. आजी हसल्या आणि म्हणाल्या, "आता तू लातूरची झालीस." मी सोललेले दाणे माझ्या डोळ्यादेखत भज्जीच्या पातेल्यात पडले. जेवताना सारखं वाटत होतं, यात माझंही काहीतरी आहे.

यंदा ती मैत्रीण मेडिकलला गेली. माझ्याबरोबरच्या सगळ्याच पुढं गेल्या. लेकरांना बोलावणार असाल तर एवढं करा, अभ्यासाचं विचारू नका. आम्हाला दिवसभर तेच विचारतात.

मांजराकाठ

@करडई बाळा, तू आणि तुझ्या रूममध्ये जे कोणी असेल ते, आमच्याकडं या. मी निरोप पाठवलाय, तो आईला दाखव. माझी बायको तुझ्या आईशी फोनवर बोलेल, मगच ठरवा.

निलंगेकर, सध्या पिंपरीत

वाचून गलबलून आलं. आमचे आई-वडील निलंग्यात दोघंच असतात. वडील हायस्कूलवर शिक्षक होते. शेत आहे पण बटईनं. मला शुक्रवारी सुट्टी मिळत नाही.

शेजारी बोलावत नाहीत असं नाही, बोलावतात. वडील जात नाहीत. "कशाला कुणाला त्रास, त्यांच्या घरचा सण आहे, आपण दोघं काय मधेच" असं म्हणतात. गुडघे दुखतात, बांधावर चालता येत नाही, कुणालातरी हात धरावा लागतो आणि तेच त्यांना नको असतं. एकेकाळी येळवशीला वीस-वीस माणसं घेऊन शेतात जाणारा हा माणूस आहे. अशा माणसाला कसं न्यायचं? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

सोनखेडची सून

@निलंगेकर, आमच्या सासऱ्यांचं अस्संच होतं. जेवायला चला म्हटलं की नाही. मग माझ्या चुलत दिरानं युक्ती केली. गेला आणि म्हणाला, "काका, आमच्या पोरांना कोप बांधता येईना. ताटं उभी केली की पडायलीत. तुम्ही फक्त खुर्चीवर बसून सांगा." सासरे धोतर सावरत निघाले. दिवसभर खुर्चीवरून ओरडत होते, "बुडखा खाली रे, शेंडे वर एकत्र बांध!" संध्याकाळी घरी आले तेव्हा आवाज बसलेला होता आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्लेल्या.

त्यात खोटं काही नव्हतं. पोरांना खरंच येत नव्हती. तुमच्या वडिलांना गावातल्या दहा जणांना येत नाही असं काय येतं ते आठवा आणि शेजाऱ्याला सांगा.

निलंगेकर, सध्या पिंपरीत

पूजा सांगतात. आणि चर शिंपताना, म्हणजे पिकावर आंबिल शिंपडताना, आरोळी देतात ती सगळ्या शिवारात ऐकू जायची. धन्यवाद ताई. आज शेजारच्या दादाला फोन करतो.

गोदातीर

मी संभाजीनगरला समुपदेशनाचं काम करते, बहुतेक कॉलेजच्या मुलांबरोबर. आमच्याकडं येळवस नाही, पण धाग्याचा विषय रोज टेबलापलीकडं येऊन बसतो.

किपलिंग विल्यम्स नावाच्या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रसंग मी मुलांना नेहमी सांगते. ते बागेत बसले होते. दोन अनोळखी माणसं फ्रिस्बी खेळत होती, ती तबकडी घरंगळत यांच्यापाशी आली. यांनी उठून परत फेकली. त्यांनी पुन्हा यांच्याकडं फेकली, आणि थोडा वेळ तिघांचा खेळ झाला. मग काही न बोलता त्या दोघांनी यांच्याकडं फेकणं बंद केलं. ना ओळख, ना भांडण, तरी मनाला इतकं लागलं की त्यातून पुढं त्यांनी प्रयोगच उभा केला. कॉम्प्युटरवर चेंडूचा साधा खेळ असतो, दोन खेळाडू थोड्या वेळानं तुमच्याकडं चेंडू टाकायचे थांबतात. समोरचे खेळाडू खरे नसून कॉम्प्युटरच चेंडू टाकतोय हे आधी सांगितलं तरी माणसाला वाईट वाटतं, असं त्यांच्या अभ्यासात दिसलं. २००३ साली याच खेळाच्या वेळी मेंदूचे स्कॅन घेतले, तेव्हा शारीरिक वेदनेचा त्रास होताना मेंदूतले जे भाग जागे होतात, त्यांतलाच एक इथंही जागा झालेला दिसला.

म्हणून करडईनं लिहिलेलं कुणी मनाचा कमकुवतपणा समजू नये. मोडलेल्या हाताबद्दल आपण पोराला "मनावर घेऊ नको" म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२५ चा अहवाल सांगतो की जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणाचा त्रास आहे, आणि तरुणांत त्याचं प्रमाण जास्त आहे.

त्या बागेतल्या गोष्टीत मला अजून एक दिसतं. त्यांना त्या दोघांनी सामील करून घेतलं ते तबकडी त्यांच्याकडं फेकून. आजींनी डहाळ्यांची पेंढी पुढं टाकली ती हीच गोष्ट. मोठ्या मानानं बसवून ठेवलेला पाहुणा बऱ्याचदा आतून बाहेरच असतो.

आणि कुणा लेकराला फारच जड जात असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. घराघरांत तो माहीत असावा.

काळी माती

धागा मनापासून आवडला, पण एक गोष्ट बोलते.

चार माणसं जास्त बोलावली की ती जास्तीची भज्जी कोण करतं? येळवशीच्या आदल्या दिवशी आमच्या घरात बायका झोपत नाहीत. तूर सोला, वाटाणा सोला, पावटा सोला, मेथी-पालक निवडा, चिंच भिजवा, आंबिलासाठी ज्वारीचं पीठ आणि ताक, उंडे वळा आणि उकडा. पहाटे तीनला चूल पेटते. मग नऊला बिंदगं डोक्यावर घेऊन निघायचं आणि शेतात परत वाढायला उभं राहायचं. घरचा मालक गावभर "या या" म्हणून येतो आणि घरात सांगतो, "पंधरा जण वाढलेत बघ." बोलावण्याचा आनंद त्याचा, खपायचं काम हिचं. मला माणसं आवडतात, पण सगळी वाढून झाल्यावर उरलेल्या गार भातावर मी एकटी जेवले, तर त्या पंगतीत मी कुठं होते?

मांजराकाठ

@काळी माती, हे तुम्ही बोललात ते बरं झालं. मूळ पोस्टमध्ये यायला हवं होतं. आमच्याकडं यंदा गुरुवारी रात्री सोलायला पुरुष आणि पोरं बसणार आहेत, हे ठरलं. वाढायलाही आम्हीच.

सोनखेडची सून

काळी माती ताई, अगदी. आमच्याकडं दोन वर्षांपासून पहिली पंगत रांधणाऱ्या बायकांची असते. सुरुवातीला पुरुष अवघडून उभे राहिले, हातात पळी कशी धरायची कळेना. आता सवय झाली. आलेले पाहुणेही वाढू लागतात. बँकेतला एक पोरगा आंबिल वाढत फिरत होता, त्याची सगळ्यांशी ओळख वाढतानाच झाली.

कोयत्याची लेक

मी बीड जिल्ह्यातली. आई-बाप ऊसतोडीला जायचे. मी सातवीपर्यंत कधी त्यांच्याबरोबर, कधी आजीपाशी. आता जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे.

दिवाळीनंतर मुकादमाची उचल फेडायला गाव सोडायचं. आमची टोळी एके वर्षी लातूर भागातल्या कारखान्याला होती. फडाच्या कडेला कोप्या, रात्री दोन-तीनला उठून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. आसपासच्या गावाशी आमचा संबंध म्हणजे हापशीवरचं पाणी आणि किराणा दुकान. लोक वाईट नव्हते. आम्ही त्यांच्या हिशेबातच नव्हतो. चार महिने तिथं राहून आमचं नाव कुणाला माहीत नसायचं, "ते ऊसतोडीवाले" एवढंच.

येळवस होती. शेजारच्या रानात सकाळपासून गाणी, माणसं, लेकरं. आम्ही फडात. दुपारी एक बाई बांधावरून चालत आली आणि आईला म्हणाली, "माय, किती जण हाव तुम्ही? समदे या." आई म्हणाली गाडी भरायचीय. ती म्हणाली, "भरा मग या. आम्ही थांबताव." आणि थांबली हो. आमची गाडी भरेपर्यंत दोन वाजले. तोवर त्यांच्या घरची लहान लेकरं सोडून कुणी जेवलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर चर शिंपायची वेळ आली. त्या बाईनं आंबिलाचा तांब्या आणि कडुलिंबाचा डहाळा माझ्या आईच्या हातात दिला. म्हणाली, "त्या कडंनं तुम्ही शिंपा, ह्या कडंनं मी येते." आई पुढं, मी मागं. दुसऱ्याच्या ज्वारीवर आई आंबिल शिंपत होती. माझ्या आईचं स्वतःचं शेत कधीच नव्हतं. आज तिचं वय झालंय, कितीतरी कारखान्यांची नावं ती विसरली, पण त्या रानात आंब्याची दोन झाडं होती आणि विहीर उगवतीला होती हे तिला अजून सांगता येतं.

लातूरकरांनो, यंदाही तुमच्या शिवारात टोळ्या असतील. त्यांना डबा पाठवू नका. डबा पाठवला तरी त्या खातील, आशीर्वादही देतील. पण जमलं तर थांबा त्यांच्यासाठी.

बालाघाटी

ताई, वाचून थोडा वेळ काहीच लिहिता आलं नाही. आमच्या कारखान्याच्या रस्त्याला एक टोळी उतरलीय. उद्या मुकादमाशी बोलून त्यांची वेळ विचारतो.

पैठणची वाट

@कोयत्याची लेक यांच्या पोस्टला धरून. पैठणला संत एकनाथांच्या, आपल्या नाथांच्या, चरित्रात श्राद्धाची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. पितरांसाठी केलेलं अन्न त्यांनी, गावानं ज्यांना वेशीबाहेर ठेवलं होतं त्यांना बोलावून वाढलं. कीर्तनात ही कथा रंगवून सांगतात. त्याच चरित्रात दुसरीही कथा आहे, तिचा उच्चार कमी होतो. नाथ त्या वेशीबाहेरच्यांच्या घरी जेवायला गेले. बोलावणं आलं, आणि नाथांनी ते स्वीकारलं.

माझ्या मते दुसरी कथा जास्त अवघड आहे. आपल्या पंगतीला दुसऱ्याला बसवताना घर आपलं, ताट आपलं, मोठेपणही आपलाच. त्याच्या दारात जाऊन, त्याच्या चुलीवरचं, तो वाढेल तसं आणि तेवढं खाताना आपल्या हातात काही राहत नाही. ज्यांना येळवशीला बोलावणार आहात, त्यांचं बोलावणं आलं तर जाल का, हे आधीच ठरवा. आपल्या गावागावांत हा प्रश्न अजून संपलेला नाही. कुणाची ताटं वेगळी ठेवली जातात हे आपल्याला माहीत असतं.

गोदेचं पाणी

पैठणच्या वाटेशी शंभर टक्के सहमत.

नांदेडकर म्हणून एक भर घालतो. सचखंड गुरुद्वाराच्या लंगरला कधी गेला असाल तर पाहिलं असेल, तुम्ही कोण, कुठले, कोणत्या धर्माचे, हे दारात कुणी विचारत नाही. सगळे एका रांगेत जमिनीवर. पण लंगरची खरी कमाल मला मागच्या बाजूला वाटते. तिथं कुणीही जाऊन कांदा चिरू शकतो, रोट्या लाटू शकतो, ताटं घासू शकतो. मी कॉलेजला असताना परीक्षेत नापास झालो होतो, घरी जायची हिंमत नव्हती. तिथं ताटं घासत बसलो. शेजारी पंजाबातून आलेले एक सरदारजी होते, मोठे बागायतदार असावेत, अंगावरून कळत होतं. आम्ही दोघांनी मिळून ढीगभर ताटं घासली. भाषा धड जुळत नव्हती. ते राख माझ्याकडं सरकवायचे, मी पाणी त्यांच्याकडं. संध्याकाळी घरी गेलो आणि वडिलांना निकाल सांगितला.

तेरणाकाठ

मी ज्यांची माती गेली त्यांपैकी. नदीकडचं अडीच एकर खरडून गेलं. सोयाबीन तर गेलंच, रब्बीला पेरायलाही काही उरलं नाही. मोटार, पाइप सगळं गाळात.

बांधाशेजारच्या भाऊनं काल बोलावणं दिलं. खरं सांगतो, मन होत नव्हतं. दरवर्षी आमच्याकडं तीसेक माणूस जेवतं. आता दुसऱ्याच्या कोपीवर जाऊन बसायचं म्हणजे लोक बघणार, च्च च्च करणार, पंचनाम्याचं विचारणार. मी नाही म्हणून सांगितलं. तर तो म्हणाला, "तुझी बायको खीर करते तशी आमच्यात कुणालाच जमत नाही. गहू माझा, गूळ माझा, खीर तुमची. आणि पाच पांडवांतला मधला गोटा तुझ्या शेतातला आणू, तुझ्याकडं गोटेच गोटे झालेत." त्यावर मी पुरानंतर पहिल्यांदा हसलो. बायको आतून म्हणाली, "हो म्हणून सांगा."

जाणार आहे. पाण्यात गेलेल्या माणसाला बोलावत असाल तर त्याच्यापाशी सारखी पुराची गोष्ट काढू नका. ती त्याला पाठ आहे. बैलाचं बोला, लेकरांचं बोला, पुढच्या पेरणीचंसुद्धा बोला.

काळी माती

दादा, वहिनींना माझा नमस्कार सांगा. खिरीत खसखस घालतात का त्या?

तेरणाकाठ

घालते. आणि सुंठ.

धाब्यावरून

मी भूकंपग्रस्त गावातला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी होती, आदल्या दिवशी गणपती बुडवले होते. मी नऊ वर्षांचा होतो. त्या रात्रीचं इथं लिहीत नाही.

नंतरचं सांगतो. आमचं जुनं गाव माळवदी घरांचं. भिंतीला भिंत, धाब्याला (घरावरच्या सपाट छताला) धाबं. वाळवण घालायला बाई धाब्यावर गेली की चार घरच्या बायकांशी बोलून खाली यायची. पुनर्वसनात बावन्न गावं नव्या जागी गेली. ज्याची जमीन जेवढी त्याप्रमाणं २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. घरं पक्की, रस्ते रुंद. त्यासाठी ज्यांनी ज्यांनी मदत केली त्यांचे उपकार आहेत. पण आमच्या आजीची शेजारीण तिच्यापासून पार दुसऱ्या टोकाला गेली. दोघींची वयं झालेली, मधे एवढा मोठा रस्ता आणि ऊन. आजी म्हणायची, घर मिळालं पण हाक मारायला कुणी नाही.

मात्र शेतं जागची हलली नव्हती. बांधाचे शेजारी होते तेच राहिले. त्यामुळं येळवशीला सगळं जुनं गाव आपोआप जागेवर यायचं. आजी आणि तिची शेजारीण, दोघींची शेतं लागून. वर्षातला तो एक दिवस त्या दोघी सकाळपासून अंधार पडेपर्यंत एका बांधावर बसायच्या. ज्यांच्या घरात कुणीच उरलं नव्हतं, त्यांच्या शेतात कोप कोण करणार? मग दोन्हीकडच्या शेजाऱ्यांनी मिळून त्यांच्या शेतात आधी कोप करायची आणि मग आपल्यात, असं सुरू झालं. कुणी ठराव केला नाही. आमच्या बांधाला अशी एक कोप अजून होते. त्या घरातली एक मुलगी वाचली होती, मामाकडं वाढली, आता सोलापूरला असते. ती दरवर्षी येते, नवऱ्याला आणि लेकरांना घेऊन. कोप तयार असते.

गोदातीर

@धाब्यावरून, मी उत्तर देत नाही. फक्त वाचलं हे सांगते.

तुरीचं रान

मला एक व्यवहाराचं विचारायचं होतं. आमच्या आईबद्दल. वडील मार्चमध्ये गेले. पहिली येळवस. घरात चुलत्यांचं म्हणणं की यंदा आईनं पूजेला नको, कोपीपासून बाजूला बसावं. आई काही बोलत नाही, पण पांडवांना चुना लावायचं काम वर्षानुवर्षं तिचंच. मला हे पटत नाही पण घरात मी लहान आहे. काय करावं?

सोनखेडची सून

आईला विचारा, तुला काय करायचंय. ती चुना लावते म्हणाली तर तुम्ही तिच्याशेजारी बसून चुना कालवा. भांडायची गरज नाही. लेक शेजारी बसला की चुलते फार बोलत नाहीत.

कोयत्याची लेक

आणि चुलत्यांना हेरवाडचं सांगा. कोल्हापूर जिल्ह्यातलं गाव. २०२२ च्या मे महिन्यात तिथल्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. आमच्या शाळेच्या हळदीकुंकवाला आम्ही सगळ्या आयांना बोलावतो. पहिल्या वर्षी दोघी दारापर्यंत येऊन परत फिरल्या. दुसऱ्या वर्षी त्यांना आधीच सांगितलं, वाण वाटायचं काम तुमच्याकडं आहे. आल्या.

तुरीचं रान

विचारलं. आई म्हणाली, "चुना मीच लावणार, तुला नीट लागत नाही." चुलत्यांशी आज रात्री बोलतो.

निलंगेकर, सध्या पिंपरीत

वडील तयार झाले! शेजारच्या दादानं जाऊन सांगितलं की पूजा सांगायला कुणी नाही. आता आईला विचारत होते, पांढरी टोपी कुठं ठेवलीय.

मांजराकाठ

निलंगेकर, हे फार छान झालं.

आता कामाचं. आमच्या गाडीत मी, बायको, आई आणि पुढच्या चौकापासून @करडई आणि तिची रूममेट. करडईच्या आईशी बोलणं झालंय, त्या हो म्हणाल्या. शिवाय भावाचा टेम्पो रिकामा येतोय, त्यात आठ जण आरामात बसतील. नर्सिंग हॉस्टेलच्या चौघींनी कळवलंय, त्यांच्यातल्या दोघींची रात्रपाळी गुरुवारी सकाळी संपते, शुक्रवारी त्या मोकळ्या. चार जागा अजून आहेत. टेम्पो रेणापूर नाक्यावरून नऊला निघेल, वाटेत थांबेल.

गुरुवारी रात्री आठनंतर आमच्या घरी तूर-वाटाणा सोलायला बसतोय, पुरुष मंडळी. ज्यांना शुक्रवारी शेताला येता येत नाही, ड्यूटी आहे, त्यांनी गुरुवारी सोलायला या, भज्जीचा डबा शुक्रवारी संध्याकाळी पोहोचवतो. एक अडचण आहे, बाजरीच्या उंड्यांचा अंदाज येईना. पंचवीस माणसांना पीठ किती लागेल, कुणीतरी सांगा.

काळी माती

माणशी दोन उंडे धरा, लेकरांना एक. अडीच किलो बाजरी दळून आणा, पण आजच दळू नका, बुधवारी दळा, पीठ जुनं झालं की कडू लागतं. तीळ जास्त घाला. आणि उकडायला मोठी कढई नसेल तर आमची न्या, मी ती येळवशीला दोन्ही घरांत वापरते, पहाटे चारला मोकळी होते. कुणाला तरी पाठवा, पुरुष माणसाला.